वजनकाटा बाजूला ठेवला, तर सर्वांत भारी बॉक्सर कोण?

रिंगमास्तर
बॉक्सिंगच्या गप्पांत ‘पाउंड फॉर पाउंड’ हमखास येतं. म्हणजे सगळे एकाच वजनाचे असते तर कोण भारी ठरला असता? मला हा खेळच पटत नाही. साठ किलोचा अली हा अली राहिला असता का, हे कोण सांगणार? त्यापेक्षा जे खरोखर घडलं ते मोजू. आपला वजनगट सोडून कोण वर गेला आणि तिथे कोणाला हरवून आला? या मापाने माझे पाच:

१. हेन्री आर्मस्ट्राँग
२. शुगर रे रॉबिन्सन
३. हॅरी ग्रेब
४. सॅम लँगफर्ड
५. मॅनी पॅकियाओ

पहिल्या नंबराबद्दल माझ्या मनात शंका नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये आर्मस्ट्राँगने फेदरवेटचं जगज्जेतेपद घेतलं, मे १९३८ मध्ये बार्नी रॉसकडून वेल्टरवेटचं आणि ऑगस्टमध्ये लू अँबर्सकडून लाइटवेटचं. दहा महिन्यांच्या आत तीन, आणि तिन्ही एकाच वेळी त्याच्याकडे! तेव्हा एकूण वजनगट होते आठ. फेदरची मर्यादा ५७ किलो, वेल्टरची ६६.७. रॉसशी लढताना हा भरत होता जेमतेम मधल्या लाइटवेटइतका. काट्यावर थोडं जास्त दिसावं म्हणून पोटभर पाणी पिऊन उभा राहिला, असं सांगतात. आपल्याकडे लोक वजन उतरवायला उपाशी राहतात, याचं उलटंच.

डावखुरी
यादी छान, पण वरचे दोन नंबर उलटे लागलेत. आर्मस्ट्राँग आणि रॉबिन्सन १९४३ मध्ये एकमेकांशी लढलेत आणि रॉबिन्सन जिंकला. जे घडलं तेच मोजायचं ना मास्तर? मग हे मोजा.

रिंगमास्तर
मोजतो की. आर्मस्ट्राँग तेव्हा ३० वर्षांचा आणि शेकड्याच्या वर लढती खाऊन बसलेला. रॉबिन्सन २२ चा. आपल्या लहानपणच्या नायकाला त्याने हात राखून मारलं, असंही बोललं जातं. त्या लढतीतून दोघांचंही काही सिद्ध होत नाही.

डावखुरी
ठीक, ती सोडा. जेक लामोटा घ्या. रॉबिन्सन वेल्टर, लामोटा त्याच्या वरच्या गटातला, मिडलवेट आणि बैलासारखा अंगावर येणारा. सहा लढती झाल्या, पाच रॉबिन्सनच्या. हरला ती एकच, फेब्रुवारी १९४३ मध्ये डेट्रॉइटला, तीही सुमारे सात किलो जास्त वजनाच्या माणसाशी. तोवर तो व्यावसायिक रिंगमध्ये एकदाही हरला नव्हता. घरी बसून जखमा कुरवाळल्या का? तीन आठवड्यांत त्याच गावात त्याच माणसाला हरवलं. १९५१ मध्ये शिकागोत त्याच लामोटाकडून मिडलवेटचं जगज्जेतेपदही काढून घेतलं.

आणि जून १९५२ ची यांकी स्टेडियमवरची लढत तर तुमच्याच मापातली आहे. समोर लाइट हेवीवेटचा जगज्जेता जोई मॅक्सिम, त्या रात्री साधारण सात किलोंनी जड. उकाडा चाळीस अंशांच्या घरात. दहाव्या फेरीनंतर पंचच (ठोसा नव्हे, रेफरी!) गळपटले, दुसरा माणूस आणावा लागला. तिन्ही गुणपत्रिकांवर रॉबिन्सन पुढे होता. तेराव्या फेरीनंतर मात्र त्याला स्टुलावरून उठता येईना. त्याला मॅक्सिमने नाही, उन्हाळ्याने हरवलं.

शिळी_भाकर
उन्हाळा मॅक्सिमच्या बाजूच्या कोपऱ्यातही होताच की हो.

डावखुरी
होता. पण मॅक्सिम तेरा फेऱ्या नाचत नव्हता.

मधली_सुट्टी
पॅकियाओ पाचवा?? १९९८ मध्ये फ्लायवेटच्या जगज्जेतेपदाचा पट्टा, ५०.८ किलो. २०१० मध्ये मार्गारितोविरुद्ध सुपर वेल्टरचा, म्हणजे वेल्टरच्याही वरचा. आठ वजनगटांत जगज्जेता, असा दुसरा माणूस नाही. ‘वर जाऊन कोण जिंकला’ हेच माप असेल तर यादी इथेच संपते. जुने ते सोने म्हणणाऱ्यांना फिलिपिन्सचा माणूस दिसत नाही बहुतेक.

रिंगमास्तर
फिलिपिन्सचा काय संबंध? आक्षेप साधे आहेत. एक, तेव्हा आठ गट होते, आता सतरा आहेत. आर्मस्ट्राँगच्या ५७ ते ६६.७ या टप्प्यात आज पाच गट मावतात. दोन, आता चार मोठ्या संघटना, म्हणजे एकेका गटात चार-चार जगज्जेते. तीन, सुपर वेल्टरची मर्यादा १५४ पाउंड, पण मार्गारितोशी लढत आपसांत ठरवून १५० ला घेतली. चार, आता वजन आदल्या दिवशी होतं. पूर्वी लढतीच्याच दिवशी काट्यावर उभं राहावं लागायचं, तेव्हा फसवाफसवीला जागा नव्हती.

मधली_सुट्टी
चौथा मुद्दा तुमच्याच अंगावर येतोय. आदल्या दिवशी वजन करण्याचा फायदा कोणाला? जो मुळात मोठा आहे, पाणी काढून काट्यावर उतरतो आणि रात्रभरात परत फुगतो, त्याला. मार्गारितो काट्यावर १५० होता, रिंगमध्ये आला तेव्हा १६५. पॅकियाओ १४८. म्हणजे सतरा पाउंड, जवळजवळ आठ किलोंचा फरक. बारा फेऱ्यांत त्या माणसाच्या डोळ्याखालचं हाड मोडलं. तुमच्या आर्मस्ट्राँगला रॉसमध्ये एवढा फरक मिळाला नव्हता.

आणि पट्ट्यांचं म्हणाल तर आठांपैकी दोन गटांत त्याला चार मोठ्या संघटनांपैकी एकीचाही पट्टा मिळालेला नाही. तुमच्या वतीने मीच सांगतो. पण त्या गटांत समोर बॅरेरा आणि हॅटन यांच्यासारखे नावाजलेले बॉक्सर होते. पट्टा बघायचा की समोरचा माणूस?

रिंगमास्तर
वजनाचा मुद्दा मान्य. मी उलटा विचार करून बसलो होतो.

पेठेतला
समोरचा माणूस बघायचा असेल तर लँगफर्डला वर घ्या. त्याच्याकडे जगज्जेतेपद एकही नाही, हेवीवेटच्या पदासाठी तर त्याला कोणी लढूच दिलं नाही. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाचा हा काळा माणूस, उंची साडेपाच फुटांच्या जरा वर. १९०३ मध्ये लाइटवेटचा जगज्जेता जो गॅन्सला हरवलं, पण लढत पदासाठी नव्हती. पुढे थेट हेवीवेटमध्ये. १९०६ मध्ये जॅक जॉन्सनकडून हरला. जॉन्सन १९०८ ला जगज्जेता झाल्यावर मात्र त्याने लँगफर्डला पदासाठी एकदाही रिंगमध्ये घेतलं नाही. गोरे जगज्जेते काळ्यांना टाळायचे हे सगळ्यांना माहीत आहे. इथे काळ्या जगज्जेत्यानेही टाळलं.

आणि ग्रेबचं काय कौतुक? त्याच्या एकाही लढतीची फिल्म आज नाही. न पाहिलेल्या माणसाला तिसरा नंबर म्हणजे ऐकीव गाण्याला बक्षीस.

डावखुरी
इथे मी मास्तरांच्या बाजूने. जीन टनी संपूर्ण कारकिर्दीत एकदाच हरला, १९२२ मध्ये, ग्रेबकडून. त्याच टनीने पुढे हेवीवेटच्या जगज्जेतेपदासाठी डेम्प्सीला दोनदा हरवलं. ग्रेब मुळात मिडलवेट, आणि एका डोळ्याची दृष्टी गेलेली असताना वर्षानुवर्षं लढला. टनीने नंतर हिशेब चुकता केला हे खरं, पण फिल्म नाही म्हणून निकाल पुसले जात नाहीत.

खिडकीजवळची
एक भाबडा प्रश्न. या मापाने हेवीवेटवाले आपोआप बाद होतात ना? त्यांना वर जायला गटच नाही. मग अलीने काय करायचं?

आणि मेरी कोम कुठे बसते? २०१२ पूर्वी पाच वेळा विश्वविजेती झाली ती ४५, ४६ आणि ४८ किलोंत. लंडन ऑलिंपिकला बायकांसाठी तीनच गट ठेवले, सर्वांत खालचा ५१. तिने काही हौसेने गट बदलला नाही, तिला बदलावा लागला. धिप्पाड माणसाला तीन किलो म्हणजे काहीच नाही, तिच्या अंगावर ते सहा टक्के होतात. तरी कांस्य आणलं.

रिंगमास्तर
मेरी कोमचा हिशेब मला सुचलाच नव्हता. किलोंऐवजी टक्के धरायला हवेत, मग लहान गटांना न्याय मिळेल. माझी यादी व्यावसायिकांची आहे, त्यामुळे तिला त्यात घुसडत नाही. अलीबद्दल मात्र ठाम आहे. हेवीवेटांची यादी वेगळी करा, तिथे त्याला पहिला द्या, भांडणार नाही. इथे नाही.

सुधारित: आर्मस्ट्राँग, रॉबिन्सन, लँगफर्ड, पॅकियाओ, ग्रेब.

डावखुरी
एवढं सगळं मान्य केलंत आणि वरचे दोन जागचे हलले नाहीत! टक्के काढायचेच आहेत तर रॉबिन्सन-मॅक्सिमचे पण काढा. कागद-पेन्सिल घेऊन उद्या येते.

शिळी_भाकर
येताना पंखा पण आणा.