मदत हवी आहे: जिभेच्या कडेला गाठ, आधी कोणाला दाखवू?

नमस्कार मंडळी, आम्ही कोपरखैरणेला राहतो. माझ्या सासऱ्यांच्या जिभेच्या डाव्या कडेला मसुराएवढा टणक फोड आलाय. दुखत नाही, रंग जिभेसारखाच. नेमकं त्याच बाजूच्या दाढेचं टोक तुटलंय, म्हणून ते म्हणतात, "दात घासतोय, दुसरं काय!" जीभ वारंवार चावली किंवा घासली की तिथे मांसल गाठ धरते हे खरंच आहे. तिखट-गरम खाऊन जिभेवरचे दाणे सुजतात, पण ते झोंबतात आणि चार-पाच दिवसांत बसतात. हे काही बसत नाहीये.

(जिभेच्या मुळाशी इंग्रजी व्ही आकारात ८ ते १२ मोठे दाणे सगळ्यांनाच असतात. आरशात ते पाहून मी उगाच घाबरले होते. बाबांचं तसं नाही, हे कडेला आहे.)

खरी धास्ती तंबाखूची. सोडून वर्षं झाली, पण त्याआधी भरपूर खाल्लीय. तोंडातली गाठ किंवा जखम २-३ आठवड्यांत गेली नाही तर दाखवावीच, एवढं मला कळतं. घरगुती उपाय नकोत, हळद-मध करून झालंय.

आधी दाताच्या डॉक्टरांकडे जाऊन दाढ घासून घ्यावी, की थेट कान-नाक-घसावाल्यांकडे? नेरूळच्या डेंटल कॉलेजच्या ओपीडीचा कोणाला अनुभव आहे का? तुकडा काढून तपासायला सांगितला तर वयस्कर माणसाला कितपत त्रास होतो? बाबा सुईच्या नावानेच उठून जातात, त्यामुळे त्यांना कसं तयार करायचं तेही सांगा.