ऑटोइम्यून आजार (इम्यून सिस्टिम स्वतःच्याच शरीरावर उलटते ते) बायकांनाच का जास्त? आणि इन्फेक्शनमध्ये पुरुष का जास्त आडवे होतात?

उचापती:
बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून विचारतो. बायकोला हाशिमोटो थायरॉइड, बहिणीला संधिवात (वयामुळे होतो तो नाही, ऱ्हुमॅटॉइड), आणि त्या डॉक्टरांच्या वेटिंगमध्ये बघावं तर जवळपास सगळ्या बायकाच बसलेल्या. डॉक्टरांना विचारलं तर "हार्मोन्स" एवढंच म्हणाले आणि पुढचा पेशंट आत बोलावला. पण हार्मोन्समुळेच असेल तर पाळी गेल्यावर सगळं शांत व्हायला हवं ना? बहिणीचं तर तेव्हाच सुरू झालं. वर कोविडमध्ये पुरुष जास्त गेले असंही वाचलेलं. मग नक्की इम्युनिटी चांगली कोणाची? जाणकारांनी सांगा. आणि पुरुष साध्या तापात घर डोक्यावर घेतात हा जोक कृपया नको, घरी रोज ऐकतो.

पेट्रीडिश:
लॅबमध्ये आहे त्यामुळे थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

चांगली-वाईट असं नाहीये ते. बायकांची इम्यून सिस्टिम सरासरीने जास्त जोरात रिअ‍ॅक्ट होते, त्याचा इन्फेक्शनमध्ये फायदा आणि ऑटोइम्यूनमध्ये तोटा. फ्लूच्या लसीवर एक अभ्यास आहे, त्यात बायकांना अर्धा डोस देऊन जेवढ्या अँटीबॉडी तयार झाल्या त्या पुरुषांच्या पूर्ण डोसच्या आसपास होत्या. लस घेतल्यावर हात दुखणं, ताप येणं हेही बायका जास्त सांगतात.

आता दुसरी बाजू. ल्युपसच्या (त्वचा, सांधे, किडनी असं बरंच काही धरणारा ऑटोइम्यून आजार) दर १० पेशंटमध्ये ९ बायका, शोग्रेनचंही (डोळे-तोंड कोरडं पाडणारा) तसंच, ऱ्हुमॅटॉइड बायकांत साधारण दुप्पट-तिप्पट. पण सरसकट नाही हं, मणका आखडणारा अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस पुरुषांत जास्त सापडतो आणि टाइप १ डायबेटिसमध्ये एवढा फरक दिसत नाही.

हार्मोन्सचा हात आहेच. इस्ट्रोजेनमुळे अँटीबॉडी बनवणाऱ्या बी पेशींना जोर येतो, टेस्टोस्टेरॉन एकूण दाबून ठेवतं. ल्युपस मूल होण्याच्या वयात जास्त दिसतो ते त्याला धरूनच आहे, पण ऱ्हुमॅटॉइड बऱ्याच जणींना पाळी जायच्या सुमारास सुरू होतो, म्हणजे तुमच्या बहिणीचं काही जगावेगळं नाही. आणि अगदी तान्ह्या बाळांमध्येसुद्धा इन्फेक्शनने मुलगेच जास्त दगावतात, तिथे कुठलं आलंय वयात येणं. त्यामुळे नुसतं हार्मोन्स म्हणून हात झटकता येत नाहीत.

दोन_एक्स:
पेट्रीडिश +१. उरलेली गोष्ट एक्स क्रोमोसोममध्ये आहे आणि मला विचाराल तर खरी मजा तिथेच.

बायकांत दोन एक्स, पुरुषांत एक. दोन्ही चालू राहिले तर डबल माल तयार होईल म्हणून बायकांच्या प्रत्येक पेशीत एक एक्स बंद केला जातो, हे मेरी लायन यांनी १९६१ मध्ये मांडलं. पण बंद म्हणजे कडीकुलूप लावून बंद नाही, काही जीन्स निसटतात. त्यातला एक टीएलआर-७. व्हायरसचा आरएनए आत शिरला की तो ओळखून बोंब मारणारा हा सेन्सर, आणि बायकांच्या काही इम्यून पेशींत याच्या दोन्ही कॉपी चालू सापडतात. हा सेन्सर जास्त तापट झाला तर काय होतं तेही माहीत आहे, २०२२ मध्ये एका स्पॅनिश मुलीचा ल्युपस याच जीनमधल्या एका अक्षराच्या बदलामुळे झाला असं दाखवलं गेलं. उलट बाजूने, २०२० मध्ये नेदरलँड्समध्ये दोन घरांतले तरणेताठे भाऊ कोविडने थेट आयसीयूत गेले, चौघांचाही टीएलआर-७ बिघडलेला निघाला. पुरुषाला दुसरी कॉपीच नाही, मग बॅकअप कुठून आणणार.

क्लाइनफेल्टर असलेले पुरुष म्हणजे एक्सएक्सवाय. त्यांच्यात ल्युपसचं प्रमाण बाकी पुरुषांच्या सुमारे १४ पट आहे, टेस्टोस्टेरॉन कमी असतं हे धरलं तरी जास्तीचा एक्स नजरेआड करता येत नाही.

अजून एक. एक्स बंद करायला झिस्ट नावाचा लांबलचक आरएनए त्याच्याभोवती गुंडाळला जातो आणि त्याला ढिगाने प्रोटीन्स चिकटतात. पेशी मेली की हा सगळा गुंता बाहेर सांडतो आणि इम्यून सिस्टिम त्याच प्रोटीन्सवर अँटीबॉडी बनवू शकते. स्टॅनफर्डवाल्यांनी नर उंदरांत झिस्ट घातला, तोही एक्स बंद न करणारा बदललेला झिस्ट, म्हणजे फक्त गुंत्याचा परिणाम दिसावा. मग ल्युपससारखा आजार उठवणारं केमिकल टोचलं. आजाराकडे कल असलेल्या जातीच्या नरांना जवळपास माद्यांइतकाच आजार झाला, कल नसलेल्या जातीत झाला नाही, केमिकल न देताही झाला नाही. पेपर २०२४ चा आहे. म्हणजे झिस्ट एकटा काही करत नाही, अंगात कल पाहिजे आणि वरून काहीतरी ठिणगी.

शंकासुर:
सगळं क्रोमोसोमवर ढकलू नका राव. पुरुष सिगरेट जास्त ओढतात, धुळीत-धुरात जास्त काम करतात, दवाखान्यात जातात ते पार गळ्याशी आल्यावर. टीबी जगभर पुरुषांत जास्त आहे त्यात हे सगळं आलंच की.

पेट्रीडिश:
@शंकासुर मान्य, टीबीमध्ये नक्कीच. पण कोविडच्या पहिल्या वर्षी जगभरचे आकडे एकत्र केले तेव्हा लागण दोघांना जवळपास सारखीच होती आणि आयसीयूत मात्र पुरुष जवळपास तिप्पट शक्यतेने. सिगरेटने थोडं समजतं, सगळं नाही. आणि तान्ही मुलं कुठे सिगरेट ओढतात?

सांधेदुखी_क्लब:
मी ऱ्हुमॅटॉइडवाली. प्रेग्नन्सीत दुखणं असं काही पळालं की मला वाटलं बरी झाले, डिलिव्हरीनंतर काही आठवड्यांत दामदुपटीने परत. बऱ्याच जणींचं असंच होतं. फिलिप हेंच या डॉक्टरांनी हेच हेरलं होतं, कावीळ आणि गरोदरपणात संधिवात का निवळतो हे शोधता शोधता कॉर्टिसोनपर्यंत पोचले आणि १९५० चं नोबेल मिळालं (आणखी दोघांबरोबर). आता तेच स्टिरॉइड गिळताना त्यांना कधी हात जोडते कधी शिव्या देते.

आणि उचापतीदादा, वहिनींना कोणी "इम्युनिटी वाढवा" म्हणून पावडरी-गोळ्या देत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. आमची इम्युनिटी वाढवायची गरजच नाहीये हो, ती आधीच उतू चाललीय.

उचापती:
खूपच भारी माहिती, सगळ्यांना धन्यवाद. पावडर आणलेली आहे, ताईंचा प्रतिसाद बायकोला दाखवला तर डबा थेट माझ्यासमोर आणून ठेवला. शेवटचं एक, मुलगी अकरा वर्षांची आहे, तिच्या आत्ताच अँटीबॉडी टेस्ट करून घेऊ का?

पेट्रीडिश:
लक्षणं काही नसतील तर उगाच नको. घरात असेल तर शक्यता थोडी वाढते पण बहुतेकांना होत नाही, आणि काही अँटीबॉडी तर ठणठणीत माणसातही पॉझिटिव्ह येतात, मग नुसता घोर लागतो. उंची वाढायची थांबली, सारखा थकवा, गळ्याला सूज असं दिसलं तर टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करा. आणि तिच्या डॉक्टरांना आईचं थायरॉइड आणि आत्याचा संधिवात दोन्ही सांगून ठेवा.