चॅनल १९ वर एकजण रोज माईकची की दाबून बसतो, याचं करायचं काय?

नाशिककर_१८चाकी:
नमस्कार मंडळी. मी इकडे इंडियाना-ओहायो पट्ट्यात ट्रक चालवतो, जास्त करून आय-८० आणि आय-६५ हायवेवर. गाडीत साधा ४ वॅटचा सीबी आहे, म्हणजे ट्रकवाले आपसात बोलतात तो रेडिओ. मॅप, ॲप सगळं आहे हो, पण लेक मिशिगनवरून बर्फ यायला लागला की पुढच्या दोन मैलात काय झालंय हे फोनच्या आधी सीबीवर कळतं, म्हणून मी तो बंद करत नाही.

तर एका ठराविक पट्ट्यात आलं की चॅनल १९ वर एक बाबा हजर असतो. माईकची की दाबून धरतो नि काही बोलतच नाही, नुसती शांतता, मग मधेच जुनी गाणी, मग इको लावून खदाखदा हसणं. आणि माझा किंवा एखाद्या पंजाबी ड्रायव्हरचा ॲक्सेंट ऐकला की त्याला चेवच येतो, तुमच्या देशात जा पासून सुरू होऊन थेट आईबहिणीवर. ते पण सोडून दिलं असतं, पण परवा मधल्या लेनमध्ये फाटलेल्या टायरचा मोठा गेटर, म्हणजे तुकडा, पडला होता, मागच्यांना सांगायला मी की दाबली तर हा बरोबर माझ्यावर चढला, मागच्याला फक्त शिट्टी ऐकू गेली असणार.

दुसरं म्हणजे दुपारी कधीकधी अख्खा चॅनल शिट्ट्यांनी भरतो, स्पॅनिश, काय काय इंग्लिश, पन्नास माणसं एकदम बोलल्यासारखी. हे पण तोच करतो का? यार्डातला एकजण म्हणतो ५०० वॅटचा लिनिअर (सिग्नलचा जोर वाढवणारा ॲम्प्लिफायर) लाव आणि दाबून टाक त्याला. दुसरा म्हणतो ऑनलाइन जॅमर मिळतो, दुसऱ्याचा सिग्नलच अडवणारा. कोणाला अनुभव असेल तर सांगा.

एचएफवाला_काका:
ह्युस्टनला असतो, हॅम (हौशी रेडिओचं) लायसन्स आहे, सीबी त्याच्या आधीपासून. पहिलं सांगतो, तुमच्याकडे दोन वेगळी दुखणी आहेत आणि तुम्ही दोन्हींचं बिल एकाच माणसावर फाडताय.

दुपारचा गोंगाट तो करत नाही. सीबी २७ मेगाहर्ट्झवर चालतो, चॅनल १९ म्हणजे २७.१८५, आणि या फ्रिक्वेन्सीला आयनोस्फिअर, म्हणजे वातावरणाचा वरचा थर, सूर्यामुळे विद्युतभारित झालेलं असलं की सिग्नल वर जाऊन परत खाली येतो, हजार-दोन हजार मैल लांब. याला स्किप म्हणतात. सूर्याचं २५ वं चक्र २०२४ मध्ये शिगेला पोचलं, त्यामुळे गेली काही वर्षं दिवसा बँड उघडा असणं नेहमीचं झालंय, शिवाय मे ते ऑगस्ट स्पोरॅडिक ई (असाच सिग्नल परतवणारा, मधेच तयार होणारा थर) वेगळंच. तुम्हाला जे स्पॅनिश ऐकू येतं ते कॅरिबियन नाहीतर मेक्सिकोकडचं असेल, त्या बिचाऱ्यांना तुमचा ट्रक माहीत पण नाही. आणि दक्षिणेकडचे काही महाभाग चॅनल ६ वर हजारो वॅट घेऊन बसतात, त्याला सुपर बाऊलच म्हणतात, ते तर सगळीकडे पोचतात.

आता शिट्टीचं. एएममध्ये, म्हणजे सीबीच्या नेहमीच्या पद्धतीत, दोन सेट एकाच वेळी की दाबतात तेव्हा दोघांचे कॅरिअर (आवाज वाहून नेणाऱ्या मूळ लहरी) तंतोतंत एका जागी नसतात, जेवढा फरक तेवढ्या हर्ट्झची शिट्टी तुमच्या स्पीकरमध्ये. नियमाने ५० पीपीएम (दहा लाखात पन्नास) इकडेतिकडे चालतं, म्हणजे २७ मेगाहर्ट्झवर साधारण १३६० हर्ट्झ. दोन अगदी कायदेशीर सेटसुद्धा एकमेकांवर चढले तर मस्त शिट्टी वाजेल. शिट्टी आली म्हणजे जॅमर आला असं नाही.

ओळखायचं कसं? स्किप वरखाली होतो, अर्ध्या मिनिटात चढतो, विरतो, परत येतो, आणि तुम्ही दहा मैल पुढे गेलात तरी फारसा बदलत नाही. जवळचा माणूस एस मीटरवर (सेटवरचा सिग्नलचा जोर दाखवणारा काटा) ठाम बसतो आणि गाडी पुढे सरकेल तसा हळूहळू वाढून मग कमी होतो. पुढच्या वेळी मीटर बघा आणि माईल मार्कर लिहून ठेवा. अजून एक, इन्व्हर्टर आणि डॅशकॅमचा यूएसबी चार्जर एकदा काढून बघा, स्वस्तातले चार्जर २७ मेगाहर्ट्झवर इतकी खरखर ओततात की लांबचा माणूस त्यातच बुडतो आणि दोष मात्र दुसऱ्याला.

जॅमरचं नावच काढू नका. इथे विकणं, बाहेरून मागवणं, वापरणं सगळं बेकायदा. २०१२ मध्ये एका माणसाने मालकाला आपली कंपनीची गाडी कुठे आहे ते कळू नये म्हणून जीपीएस जॅमर लावला आणि नेवार्क विमानतळाजवळून गेला, तिथे विमानं उतरवायला जीपीएसवरच्या एका सिस्टीमची चाचणी चालू होती, तिचीच गडबड झाली. एफसीसीने, म्हणजे इथल्या रेडिओचे नियम बघणाऱ्या सरकारी संस्थेने, ३१,८७५ डॉलर दंड ठोकला. फ्लोरिडात टॅम्पाजवळ दुसऱ्याने लोकांनी गाडी चालवताना फोनवर बोलू नये म्हणून आय-४ वर रोज सेलफोन जॅमर चालवला, त्याला ४८,०००. पोलीस त्याच्या गाडीजवळ गेले तर त्यांचेच वॉकीटॉकी बंद पडले!

बिनधास्त_बाळ्या:
काका सगळं बरोबर पण कायदा पुस्तकात राहतो हो. सीबीवर एफसीसी येतं कधी? १९८३ पासून लायसन्सच काढून टाकलंय, तुम्ही कोण हे कोणालाच माहीत नाही, नुसतं हँडल, म्हणजे टोपणनाव. माझ्याकडे ३०० चा लिनिअर आहे, सगळे ट्रक स्टॉपवाले दुकानदार विकतात, अजून कोणी आलं नाही दारात. नाशिककर भाऊ, ४ वॅटवर तुम्ही मुंगीसारखे चिरडले जाणार, घ्या एक.

एचएफवाला_काका:
बाळ्या, एफसीसी ढिलं आहे हे मान्य, २०१५ ला त्यांनी २४ पैकी ११ फील्ड ऑफिसं बंद करायचं ठरवलं तेव्हापासून तर विचारूच नकोस. पण तुझा लिनिअर नाशिककरांचा प्रश्न सोडवतच नाही. ४ वॅटचे ४०० केले तर २० डीबी (सिग्नलच्या जोराचं माप) वाढले, एक एस युनिट म्हणजे ६ डीबी, म्हणजे समोरच्याच्या मीटरवर जेमतेम तीन-साडेतीन काटे. आणि तेही फक्त बोलताना. ऐकताना लिनिअरचा शून्य उपयोग, तो जॅम करणारा त्यांच्या कानात तितकाच जोरात येणार. वर घाणेरडा लिनिअर असला तर आवाज पसरून १८ वर पण जातो, मग तिथले लोक नाशिककरांच्या नावाने खडे फोडणार. एक गंमत सांगतो, १९ आणि २० च्या मधे २७.१९५ ही जागा चॅनल म्हणून दिलेलीच नाही, ती रिमोट कंट्रोलसाठी ठेवलीय, म्हणून २० वाले जरा वाचतात.

आणि कम्युनिकेशन्स ॲक्टचं कलम ३३३ सरळ आहे, मुद्दाम दुसऱ्याच्या सिग्नलमध्ये अडथळा आणायचा नाही. त्याने केलं तर त्याच्यावर, तुम्ही त्याला दाबायला केलं तर तुमच्यावर. तो घरात बसलाय, नाशिककरांच्या दारावर कंपनीचं नाव आणि वाहतूक खात्याचा डीओटी नंबर मोठ्या अक्षरात रंगवलेला आहे. पकडायला सोपं कोण?

टीम_ड्रायव्हर_वहिनी:
मी आणि मिस्टर दोघं मिळून गाडी चालवतो, मी रात्रीची. बाईचा आवाज आणि वरून देशी ॲक्सेंट, तुम्हाला काय काय ऐकावं लागत असेल भाऊ त्याच्या दुप्पट धरा. म्हणून मी जे करते ते सांगते, टेक्निकल काका बघतील.

एक, त्याला उत्तर कधीच द्यायचं नाही. एक शब्द नाही, हसणं नाही, माईक क्लिक करणं पण नाही. त्याला ऑडियन्स पाहिजे असतो. मी बघितलंय, ज्या रात्री दोघंतिघं ड्रायव्हर त्याच्याशी भांडतात त्या रात्री तो पहाटेपर्यंत बसतो, आणि कोणी काही बोललं नाही तर गाणं अर्धवट सोडून जातो.

दुसरं, आरएफ गेनचं बटण. सगळे स्क्वेल्च फिरवत बसतात. स्क्वेल्चने बारीक सिग्नल कापला जातो, हा तर जोरात आहे, तो कापला जाणारच नाही, उलट तुमच्या कामाचा माणूस कापला जातो. गेन खाली आणला की लांबचं सगळं पडतं, म्हणजे काका म्हणतात ते स्किप पण, आणि राहतात ते आजूबाजूचे मैल-दोन मैलातले ट्रक. मला तेवढेच पाहिजे असतात. तो बाबा घराच्या छतावर अँटेना लावून चार मैलांवर असला तर माझ्या पुढच्या ट्रकपेक्षा कमी येतो, बऱ्याचदा.

तिसरं, धोक्याची बातमी द्यायची तर छोटी. तुम्ही "गुड इव्हनिंग, धिस इज" करत बसलात की त्याला की दाबायला वेळ मिळतो. मी फक्त "ईस्टबाउंड, वन फिफ्टी टू, गेटर, मिडल लेन" एवढंच, आणि परत एकदा तेच. तीन सेकंदात संपतं. एएममध्ये जवळचा जोरात ऐकू येतो, तुमच्या पाठीमागच्या दोन गाड्यांना तो असतानासुद्धा बऱ्यापैकी कळतं, शिट्टी असली तरी आकडा ऐकू येतो.

त्या ॲक्सेंटवाल्या शिव्यांचं मात्र सांगते, त्याची सवय झाली असं मी म्हणणार नाही. मी आवाज कमी करते आणि मिस्टरांना उठवत नाही, कारण ते उठले की माईक घेतात.

सह्याद्री_४बाय४:
मधेच घुसतो. आम्ही पुण्याचे ऑफरोडवाले, ताम्हिणी, वरंध, माळशेज भागात आठ-दहा गाड्या जातात. आपल्याकडे सीबी चालतो का कायद्याने? आणि इथे पण असे नग असतात का?

एचएफवाला_काका:
चालतो. भारतात २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ, ५ वॅटपर्यंत, लायसन्स लागत नाही, पण सेट मान्यता असलेला पाहिजे. मात्र अमेरिकेतून कोणी ४० चॅनलचा सेट आणून दिला तर जपून, पहिले २७ चॅनलच त्या पट्ट्यात बसतात, २८ वा २७.२८५ ला आहे म्हणजे बाहेर. घाटात गाड्या एकमेकांच्या नजरेआड असतात तिथे २७ मेगाहर्ट्झ बरा वळतो, पण अँटेना लांब लागते, पाव वेव्हलेंग्थ म्हणजेच पावणेतीन मीटर, आखूड घ्याल तसं काम कमी. नुसतं गाडीमागे गाडी बोलायचं असेल तर ४४६ मेगाहर्ट्झचे अर्ध्या वॅटचे छोटे वॉकीटॉकी पण आता लायसन्सशिवाय चालतात, ते सोपे. ऑनलाइन जे स्वस्त चायनीज व्हीएचएफ सेट मिळतात ते घेऊन कुठल्याही फ्रिक्वेन्सीवर बोलू नका, तिथे तुम्हीच नग ठरता.

नग तिकडे पण आहेत, पण सीबीवर माणसंच कमी म्हणून त्यांना मजा येत नाही. हॅम रिपीटरवर (सिग्नल पकडून पुढे पाठवणारं केंद्र) विचारा, तिथले किस्से ऐकायला मिळतील.

बिनधास्त_बाळ्या:
काका एक विचारू का, एफएम सीबी आता अमेरिकेत चालतो म्हणतात, त्यावर शिट्टी येत नाही ना? मग सगळे तिकडे का जात नाहीत?

एचएफवाला_काका:
२०२१ ला परवानगी मिळाली, आणि बरोबर, एफएममध्ये शिट्टी नाही, जो जोरात तो अख्खा चॅनल घेतो, दुसरा गायब होतो. म्हणजे बघ, जवळचा जॅम करणारा असेल तर एएमवर निदान वहिनींचा आकडा तरी शिट्टीखालून ऐकू येतो, एफएमवर काहीच येणार नाही. शिवाय रस्त्यावरचे बहुतेक सेट जुने एएमचे, एफएमवर तू एकटाच बोलत बसशील.

नाशिककर_१८चाकी:
सगळ्यांचे आभार, वहिनी तुमचे विशेष. चार्जर काढून बघितला, मीटर चारवरून जवळजवळ शून्यावर आला, हसावं का रडावं. गेन अर्ध्यावर ठेवतोय आता. तो बाबा तसाच आहे, मार्कर लिहितोय, साधारण सहा मैलांच्या पट्ट्यात चढतो आणि उतरतो, म्हणजे घरातूनच बोलतोय. तक्रार टाकू का एफसीसीच्या साइटवर? आणि जाऊन त्याचं घर शोधावं का, यार्डातले दोघं तयार आहेत.

एचएफवाला_काका:
तक्रार टाका, तारीख, वेळ, चॅनल, मार्कर सगळं लिहून, फोनवर रेकॉर्डिंग असेल तर ते जपून ठेवा. लगेच काही होईल अशी आशा धरू नका, पण त्याच पट्ट्यातल्या अजून चारपाच जणांनी टाकली तर निदान इशाऱ्याचं पत्र जाऊ शकतं. पंजाबी मंडळींना पण टाकायला सांगा, त्यांना जास्त त्रास आहे. घर शोधायला अजिबात जाऊ नका, त्या राज्यात लोकांकडे बंदुका असतात आणि तुम्ही परक्याच्या ड्राइव्हवेत उभे असाल.

आणि अँटेना मागच्या मालकाची आहे का? मग एसडब्ल्यूआर (अँटेना सेटशी किती जुळते त्याचं माप, कमी तेवढं चांगलं) मोजून घ्या, ट्रक स्टॉपवर मीटर मिळतो. चॅनल १ आणि चॅनल ४० दोन्हीवर बघा. १ वर जास्त आला तर अँटेना आखूड आहे, ४० वर जास्त आला तर लांब. आरशाच्या ब्रॅकेटचं अर्थिंग पण घासून बघा, गंज असतो तिथे हमखास.