बाँडेड गोदामात माल ठेवायचा, पण ९० दिवसांनंतर परवडतं का?

प्रश्न – भोसरी_आयात

जर्मनीहून हायड्रॉलिक पंप आणि त्यांचे सुटे भाग येतायत, न्हावा शेवा बंदरात. ड्युटीसाठी धरायचं मूल्य ८० लाख. बेसिक ड्युटी ७.५ टक्के, त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, आयजीएसटी (आयातीवर लागणारा जीएसटी) १८ टक्के. साधारण तिसरा हिस्सा रांजणगावच्या एका कारखान्याला द्यायचा आहे, थोडा माल दुबईला परत जाईल आणि उरलेला सहा-आठ महिन्यांत चाकण, भोसरी, तळेगाव पट्ट्यात विकला जाईल. सीएचए (कस्टम्सचं काम बघणारा एजंट) म्हणतो, चाकणजवळच्या पब्लिक बाँडेड गोदामात, म्हणजे ड्युटी न भरता आयात माल ठेवता येतो तिथे, टाका, ड्युटी लागेल तशी भरा. हे खरंच स्वस्त पडतं का? आणि नेमकं कुठे अडतं?

उत्तर – पक्का_हिशेब

आधी आकडे मांडू. बेसिक ६,००,०००, अधिभार ६०,०००. आयजीएसटी ८६,६०,००० वर लागतो, म्हणजे १५,५८,८००. एकूण ड्युटी २२,१८,८००. कस्टम्स कायद्याच्या कलम ५९ चा बाँड (ड्युटी भरण्याचं हमीपत्र) एकूण ड्युटीच्या तिप्पट, म्हणजे ६६,५६,४०० चा. ही रक्कम रोख भरायची नसते, पण कस्टम्स सिक्युरिटी मागतं. बँक गॅरंटी द्यावी लागली तर तिचं कमिशन आणि मार्जिन खर्चात धरा. खेपा सारख्या येणार असतील तर दर वेळी नवा बाँड करण्यापेक्षा जनरल बाँड करून घ्या.

पहिले ९० दिवस व्याज नाही. त्यानंतर ड्युटीवर वर्षाला १५ टक्के. सगळा माल १८० व्या दिवशी सोडवलात तर ९० दिवसांचं व्याज होतं ८२,०६५ रुपये. हे आयजीएसटीच्या रकमेवरही लागतं, आणि इथेच लोक गाफील राहतात. आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, त्यावरच्या व्याजाचं मिळत नाही. बँकेची कॅश क्रेडिट १०-११ टक्क्यांनी मिळत असेल, तर ९० दिवस संपायच्या आत ड्युटी भरून माल बाहेर काढणं स्वस्त. आठ महिने ठेवायला बाँड ही महागडी उधारी आहे. वर पॅलेटमागे भाडं आणि चढ-उतार वेगळी.

दुबईच्या मालाचं मात्र उलट. तो बाँडमधूनच शिपिंग बिलावर (निर्यातीचा कस्टम्सचा कागद) बाहेर गेला तर आयात ड्युटी नाही, म्हणून व्याजही नाही. ड्युटी भरून मग परत पाठवलात तर कलम ७४ चा ड्रॉबॅक, म्हणजे भरलेल्या ड्युटीचा परतावा, मागत बसा. न वापरलेल्या मालालाही जास्तीत जास्त ९८ टक्के परत, तेही मालाची ओळख पटवून.

उत्तर – ओटीएल_तपासा

अडतं ते कागदात, आणि बहुतेक वेळा पहिल्याच कागदात. इन-बाँड बिल ऑफ एंट्रीवर (माल गोदामात टाकतानाचा कस्टम्सचा कागद) ‘पंप व भाग, १ लॉट’ असं मोघम लिहिलं की पुढे तुकड्यांनी माल काढताना हाल. एक्स-बाँड बिल (ड्युटी भरून माल बाहेर काढतानाचं) मूळ बिलातल्या ओळीवरूनच बनतं. त्यामुळे मॉडेल आणि भाग-क्रमांकानुसार वेगळी ओळ हवी, आणि एकक पॅकिंग लिस्टशी जुळायला हवं. एकीकडे ‘सेट’ आणि दुसरीकडे ‘नग’ असेल तर शिल्लक कधीच जुळत नाही.

दुसरं, घड्याळ कधी सुरू होतं ते बघा. बिनव्याजी ९० दिवस आणि माल गोदामात ठेवायची एक वर्षाची मुदत, दोन्ही कलम ६० च्या आदेशाच्या (माल गोदामात टाकायला कस्टम्सने दिलेल्या परवानगीच्या) तारखेपासून मोजतात. ट्रक चाकणला कधी पोचला याचा संबंध नाही. कंटेनर बंदरात आठवडाभर रखडला, तर तो आठवडा तुमच्या खात्यातून गेला.

बंदरातून निघताना कंटेनरला कस्टम्सचं एकदाच वापरायचं कुलूप लागतं. गोदामवाल्याने त्याचा नंबर कागदाशी ताडून मगच ते तोडायचं आणि पोच द्यायची. नंबर जुळत नसेल किंवा कुलूप तुटलेलं असेल तर माल उतरवू नका, आधी बाँड ऑफिसरला (गोदामावरचा कस्टम्स अधिकारी) कळवा. पोच बंदराच्या फाइलला लागली नाही की बाँड उघडा राहतो.

आणि विमा! गोदामवाल्याची पॉलिसी असते, पण ती ड्युटीच्या रकमेपुरती आणि राष्ट्रपतींच्या नावे. तुमच्या पंपांची किंमत त्यात नाही. आग लागून माल नष्ट झाला तर कलम २३ खाली ड्युटी माफ होऊ शकते, पंपांचे पैसे तुमच्या स्वतःच्या पॉलिसीतूनच येतील.

उत्तर – रांजणगाव_खरेदी

कारखान्याला बाँडमध्येच माल विकता येतो. ते कलम ५९ खाली स्वतःचा बाँड देतात आणि एक्स-बाँड बिल त्यांच्या आयईसीवर (आयात-निर्यात कोड) निघतं. या विक्रीवर तुम्ही जीएसटी लावायचा नाही, सीजीएसटी कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात ती येते. पण खरेदीदाराला आधीच सांगा : आयजीएसटी तुमच्या विक्रीच्या किमतीवर किंवा मूळ मूल्य अधिक ड्युटीवर, जे जास्त असेल त्यावर लागतो. म्हणजे तुमचा नफा त्यांना दिसतो. काही व्यवहार एवढ्यावरच फिसकटतात. शिवाय ऑक्टोबर २०२३ पासून अशा विक्रीमुळे सामायिक खर्चावरच्या जीएसटीचं क्रेडिटही उलटावं लागतं.

उत्तर – पक्का_हिशेब

शेवटचा मुद्दा चुकला. सीजीएसटी कायद्याच्या कलम १७(३) ची दुरुस्ती झाली खरी, पण नियम ४३ च्या स्पष्टीकरणाने ती विमानतळावर आगमनाच्या बाजूला असलेल्या ड्युटी-फ्री दुकानांपुरती ठेवली आहे. चाकणच्या गोदामातल्या विक्रीला ती लागू नाही.

दर कोणता लागेल हेही सांगून ठेवतो. ड्युटीचा दर एक्स-बाँड बिल दाखल केल्या दिवशीचा, पण युरोचा विनिमय दर इन-बाँड बिलाच्या दिवशीचा. रुपया घसरला तर तुमचं मूल्य आधीच बांधलेलं असतं. मात्र बजेटच्या आदल्या आठवड्यात ‘बघू, बेसिक कमी होते का’ म्हणून थांबणं हा जुगार आहे, दर वाढूही शकतो.

प्रश्नकर्ता – भोसरी_आयात

समजलं. वर्षभरात थोडा माल उरलाच तर? आणि तिथेच पंप जोडून पॅक करता येतील का?

उत्तर – ओटीएल_तपासा

मुदतवाढ आयुक्तांकडून मिळते, एका वेळी जास्तीत जास्त एक वर्ष. अर्ज मुदत संपायच्या आधी गेला पाहिजे. मुदत उलटली की माल बेकायदा बाहेर काढल्यासारखा धरतात आणि कलम ७२ ची ड्युटी-वसुलीची नोटीस येते. तेव्हा दरही मुदत संपली त्या दिवशीचाच लागतो, सर्वोच्च न्यायालयाने केसोराम रेयॉनच्या निकालात १९९६ मध्येच हे स्पष्ट केलंय. गोदामवाला पुढच्या महिन्यात मुदत संपणाऱ्या मालाची यादी दर महिन्याला बाँड ऑफिसरला देतो, तिची प्रत तुम्हीही मागून घ्या.

माल तपासणं, निवडणं, गिऱ्हाइकाला दाखवणं कलम ६४ मध्ये बसतं. जोडणी नाही. त्यासाठी कलम ६५ ची परवानगी असलेलं गोदाम लागतं, आणि तिथे ९० दिवसांनंतरचं हे व्याजही नाही. पण परवानगी त्या जागेला मिळते आणि हिशेब कच्च्या मालापासून ठेवावा लागतो. एका कंटेनरसाठी त्या भानगडीत पडू नका.