प्रतिसाद: हडसन हॉर्नेटला विसरू नका

वर एकाने लिहिलंय की त्या काळी अमेरिकेत शर्यती जिंकायच्या तर व्ही-८ इंजिनाला (म्हणजे इंग्रजी 'व्ही'च्या आकारात आठ सिलिंडर बसवलेल्या इंजिनाला) पर्याय नव्हता. हे मला अजिबात पटत नाही. डेट्रॉईटच्या हडसन कंपनीची हॉर्नेट बघा. १९५१ साली आलेली ही गाडी, इंजिन सरळ रांगेतलं सहा सिलिंडरचं, साधारण पाच लिटरचं, तेही जुन्या धाटणीचं साइड-व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा सिलिंडरच्या वर नाही तर बाजूला असलेलं. तरीही १९५२ च्या नॅसकार या अमेरिकन मोटार शर्यतींच्या हंगामात हडसनने तब्बल २७ शर्यती मारल्या!

खरी करामत होती बांधणीत. इतर बहुतेक गाड्यांत चौकटीवर बॉडी बसवलेली असायची, त्यामुळे आत शिरताना वर चढावं लागे. हडसनने १९४८ च्या मॉडेलपासून गाडीचा तळ चौकटीच्या पट्ट्यांच्या मधे खाली उतरवला. दार उघडून उंबरा ओलांडला की पाय चक्क खाली जायचा, म्हणून नाव 'स्टेप-डाउन'. वजन जमिनीलगत राहिल्यामुळे वळणावर ही गाडी इतरांसारखी कलंडायची नाही.

पण याच बांधणीने घात केला. चौकट आणि बॉडी एकजीव, त्यामुळे दरवर्षी नवं रूप द्यायचं म्हणजे प्रचंड खर्च. त्यात हाताशी असलेला पैसा 'जेट' या छोट्या गाडीत घातला आणि ती चाललीच नाही. १९५४ मध्ये नॅश या दुसऱ्या मोटार कंपनीबरोबर विलीनीकरण होऊन अमेरिकन मोटर्स झाली, १९५७ नंतर हडसन हे नावही गेलं. मला याचं आजही फार वाईट वाटतं.