मदत हवी आहे: हाडांतल्या नायट्रोजनवरून जुन्या पावसाचा अंदाज (महाबळेश्वर ते माण)

वाईची_भूगोलवाली
नमस्कार मंडळी. मी साताऱ्यात एम.एस्सी. करते आहे. प्रकल्पासाठी एक विषय डोक्यात घोळतोय, पण आमच्याकडे त्यातलं कोणी नाही, म्हणून इथे विचारते.

चरणाऱ्या जनावरांच्या हाडांतल्या कोलॅजेनमध्ये (हाडातलं प्रथिन) नायट्रोजन-१५ चं, म्हणजे नेहमीच्या नायट्रोजन-१४ पेक्षा जड असलेल्या प्रकाराचं, प्रमाण कोरड्या मुलखात जास्त आणि ओल्या मुलखात कमी सापडतं, असं वाचलं. कारण मला समजलं ते असं: ओल्या रानात नायट्रोजन माती-झाड-पालापाचोळा असा आतल्या आत फिरत राहतो. कोरड्या, तापलेल्या मातीतून तो अमोनिया वगैरे वायूंच्या रूपात उडून जातो, आणि जाताना हलका नायट्रोजन-१४ आधी जातो. मागे उरतो तो जड. तोच गवतात, गवतातून जनावरात. ऑस्ट्रेलियात कांगारूंच्या हाडांवर १९९७ साली पाऊस आणि हा आकडा यांचं नातं दाखवलं गेलं.

आता आपला जिल्हा बघा. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तिथून पूर्वेला एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर माण तालुक्यातल्या दहिवडीला ५०० च्या आसपास. इतका उतार इतक्या कमी अंतरात फार थोड्या ठिकाणी मिळेल. विचार असा आहे की महाबळेश्वर, वाई, कोरेगाव, दहिवडी अशा ओळीत आजच्या शेळ्यांची हाडं घ्यायची, पावसाशी आलेख काढायचा आणि मग गावाच्या पांढरीत (जुन्या वस्तीच्या टेकाडात) सापडणारी जुनी हाडं त्या आलेखावर बसवायची. म्हणजे जुन्या काळी पाऊस किती होता ते कळेल.

हे जमेल का? हाडं कुठली घ्यावीत? खाटकाकडून आणली तर चालतील?

हाडवैद्य
ताई, उतार छान शोधलात. पण खाटकाचा विचार सोडा. दुकानातलं बोकड बाजारातून येतं आणि बाजारात ते कुठून आलं याचा पत्ता नसतो. शिवाय बहुतेक बोकडं कोवळी कापतात. दुधावरच्या पिल्लाचा आकडा (तो हवेतल्या नायट्रोजनशी तुलना करून प्रति हजारात मोजतात) आईपेक्षा साधारण २ ते ३ प्रति हजार वर असतो, कारण ते एका अर्थाने आईलाच खात असतं. वर्षाच्या आतलं जनावर घेतलंत तर तुम्ही पाऊस नव्हे, दूध मोजाल.

जत्रेला घरची बकरी पडतात, तिथे विचारा. मालक सांगेल कुठे वाढली, किती वयाची. मांस शिजवलेलं असलं तरी आकडे फारसे हलत नाहीत. चुलीत पडून काळं पडलेलं हाड मात्र घेऊ नका. पायाच्या नळीचा जाड भाग घ्या, एखाद ग्रॅम पुरे. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात खनिज विरघळवून कोलॅजेन वेगळं करतात. मिळालेल्या कोलॅजेनमध्ये कार्बन-नायट्रोजनचं अणुगुणोत्तर २.९ ते ३.६ मध्ये बसलं तरच ते खराब झालेलं नाही असं समजून पुढचा आकडा धरायचा.

आता कडू भाग. आपल्या उष्ण, कधी ओल्या कधी कोरड्या मातीत कोलॅजेन टिकत नाही. पांढरीतल्या हाडांतून काहीच न निघण्याची तयारी ठेवा. आणि पांढर स्वतः उकरू नका. एक तर परवानगी लागते, दुसरं म्हणजे थर न नोंदवता उचललेल्या हाडाला काळच नसतो, मग ते कुठल्या शतकाचा पाऊस सांगणार?

माणदेशी
मी शास्त्रातला नाही, आमच्या घरी मेंढरं आहेत. वाचून हसू आलं. आमचा कळप वर्षभर माणात असतो असं कोणी सांगितलं? दिवाळी झाली की निम्मे वाडे (मेंढपाळांचे तांडे) घाट उतरून कोकणात, बाकीचे कृष्णाकाठच्या बागायतीत, पावसाच्या तोंडावर माघारी. हाड दहिवडीत सापडलं म्हणून त्यातलं गवत दहिवडीचं कसं?

दुसरं, वाटेत शेतकरी मेंढरं बसवून घेतात, खतासाठी. त्या लेंडीनं पिकात काही फरक पडत नाही का?

हाडवैद्य
दादा, तुम्ही नेमक्या नसेवर बोट ठेवलंत. पडतो, आणि मोठा पडतो. शेणखत-लेंडीखत घातलेल्या शेतातल्या पिकात नायट्रोजन-१५ चांगलंच वाढतं. त्याच शेताचा कडबा खाल्लेलं जनावर दुष्काळी वाटेल, पाऊस भरपूर असला तरी.

युरियाचं उलट. तो हवेतल्या नायट्रोजनपासून बनतो, म्हणून त्याचा आकडा शून्याच्या आसपास. आता दुष्काळात छावणीला लावलेली गाय आठवा. ती खाते ऊस आणि वाढं, तेही दुसऱ्या तालुक्यातलं, युरियावर पोसलेलं. म्हणजे ऐन दुष्काळात तिचा आकडा खाली ओढला जाणार! आजच्या माणातल्या पाळीव जनावरांवरून जुन्या काळाचा मापदंड बनवणं मला म्हणूनच पटत नाही.

वाईची_भूगोलवाली
बाप रे. मग विषयच सोडू का? एके ठिकाणी असंही वाचलं की कोरड्या भागात जनावर पाणी वाचवायला घट्ट लघवी करतं, त्यामुळे शरीरातच आकडा वाढतो. ते खरं असेल तर हाडाचा आकडा गवतातून येतो हे म्हणणंच चुकतं ना?

हाडवैद्य
ती जुनी मांडणी, १९८६ च्या सुमाराची. २००६ मध्ये कांगारूंची हाडं आणि त्याच भागातलं गवत दोन्ही मोजल्यावर दिसलं की गवताचा आकडाही पावसाबरोबर तसाच बदलतो, हाड फक्त त्याच्या मागे जातं. म्हणून तुमच्या प्रकल्पाचा कणा हाड नाही, गवत आहे. विषय सोडू नका, उलटा करा. त्याच ओळीत न नांगरलेल्या, खत न पडलेल्या गायरान-डोंगरावरचं गवत घ्या, शेजारच्या शेतातला कडबाही घ्या. शेंगवर्गीय झाडं वेगळी ठेवा, ती हवेतला नायट्रोजन घेतात. पावसाने पडणारा फरक मोठा की खताने पडणारा, एवढं साताऱ्यापुरतं दाखवलंत तरी कामाचं आहे.

माणदेशी
गवत पाहिजे तर या, डोंगराकडचं गायरान दाखवतो. पण पाऊस पडून गेल्यावर या, आत्ता नुसती कुसळं आहेत. आणि ताई, जुनं म्हातारं मेंढरू मेलं तर जबडा ठेवू का?

हाडवैद्य
ठेवा, दादा. ताई, त्यातली शेवटची दाढ घ्या. ती दूध सुटल्यावर तयार होते. तिचं एनॅमल कोलॅजेनपेक्षा खूप टिकाऊ. त्यात नायट्रोजनऐवजी कार्बन आणि ऑक्सिजन मोजतात. टोकापासून मुळाकडे ओळीने नमुने घेतले तर साधारण वर्षभराचे ऋतू दिसतात, आणि कळप कोकणात उतरून आला का तेही कदाचित कळेल. दादा, ते मेंढरू कुठे कुठे फिरलं ते महिनावार लिहून ठेवाल का?

माणदेशी
लिहायचं कशाला, आमच्या आबांना तोंडपाठ आहे. ताई, वही तुम्हीच घेऊन या.