पाऊस लागला की हीटिंग चालू करताच आरसीडी पडतो, गॅसवाला बोलवू की इलेक्ट्रिशियन?

स्टॉकपोर्टकर:
मंडळी, मदत हवीये. कॉम्बी बॉयलर आहे (हीटिंग आणि नळाचं गरम पाणी दोन्ही देणारा), गॅरेजच्या भिंतीवर, गॅरेजचं छप्पर सपाट आणि जुनं त्यामुळे भिंतीला ओल धरतेच. सलग पाऊस लागून राहिला की हीटिंग सुरू करताच अर्ध्या घराची लाइट जाते, बोर्डातला आरसीडी, म्हणजे करंट गळला की लाइट तोडणारा सेफ्टी स्विच, पडतो, आणि थोडं कोरडं पडलं की परत सगळं शहाण्यासारखं चालतं. गंमत म्हणजे गरम पाण्याचा नळ सोडला तर बॉयलर मस्त पेटतो, काहीच होत नाही. फोनवर एकाने न बघताच सांगून टाकलं, पीसीबी, म्हणजे बॉयलरचं सर्किट बोर्ड, गेलंय. पुण्याहून सासूबाई आल्यात, त्या स्वेटरवर शाल घेऊन बसल्यात आणि माझ्याकडे बघतायत.

आजीचीगोधडी:
कंडेन्सेट पाइप बघितलात का? बॉयलरमध्ये साचलेलं पाणी बाहेर नेतो तो प्लास्टिकचा. आमचा थंडीत गोठला होता, कोमट पाणी ओतलं, रिसेट मारला, झालं. उकळतं नको हां, पाइप तडकतो.

तारतंत्र:
गोधडी, तो आजार वेगळा. कंडेन्सेट तुंबला की बॉयलर गुडगुडतो, लॉकआउटला जातो म्हणजे स्वतःच बंद पडतो, डिस्प्लेवर एरर येते. घराची लाइट जात नाही. आरसीडी पडतोय म्हणजे करंट कुठेतरी अर्थला गळतोय, घरातला आरसीडी साधारण ३० मिलिॲम्पचा असतो, ओल्या भिंतीतून एवढं सहज जातं.

स्टॉकपोर्टकर, गरम पाण्याला त्रास नाही हीच खरी खूण. पाणी तापवताना पण पंखा, इग्निशन, गॅस व्हॉल्व्ह, पीसीबी सगळं चालतंच ना? मग पीसीबीला आधीच फाशी कशाला. फक्त हीटिंगलाच जिवंत होते ती वायर म्हणजे थर्मोस्टॅटची परतीची, हीटिंग हवं असं बॉयलरला सांगणारी, आणि जुन्या वायरवाल्या थर्मोस्टॅटला इकडे ब्रिटनमध्ये बहुतेक २३० व्होल्टच असतात. आतली डायव्हर्टरची मोटर (गरम पाणी नळाकडे की रेडिएटरकडे ते वळवणारी) पण असू शकते, पण तिला बाहेरच्या पावसाचं काय.

बॉयलरशेजारी ३ ॲम्प फ्यूजचा स्विच असेल, फ्यूज्ड स्पर. तो बंद ठेवूनही आरसीडी पडला तर दोष बॉयलरकडे नाहीच, दुसरीकडे शोधा. नाही पडला तर बॉयलर किंवा कंट्रोलच्या वायरी, कारण दोन्ही त्याच स्परवर असतात. गॅरेजमध्ये अजून काय जोडलंय?

स्टॉकपोर्टकर:
स्पर बंद असताना नाही पडत. थर्मोस्टॅट हॉलमध्ये, वायरवालाच. गॅरेजमध्ये भिंतीवर एक छोटी डायलची डबी आहे, फ्रॉस्ट स्टॅट म्हणतात बहुतेक, फार गारठलं की आपोआप हीटिंग लावणारी, आणि तिच्याखाली गोल जंक्शन बॉक्स. त्याच्या झाकणाचा एक स्क्रू गंजलाय, तपकिरी ओघळ खाली स्कर्टिंगपर्यंत उतरलाय.

तारतंत्र:
हात लावू नका! माझा संशय तिथेच. फ्रॉस्ट स्टॅट हॉलच्या थर्मोस्टॅटला पॅरलल असतो, म्हणजे हॉलमधून मागणी आली की त्या बॉक्समधलं परतीचं टोकही लाइव्ह होतं. इलेक्ट्रिशियन बोलवा, गॅसवाला नंतर. त्याला सांगा कंट्रोलच्या वायरी बॉयलरपासून सोडवून मग ५०० व्होल्टवर इन्सुलेशन टेस्ट (वायरीतून करंट गळतोय का ती) कर, तशीच मारली तर पीसीबी खरंच जाईल. १ मेगाओमच्या खाली आलं की चोर सापडला. आणि पावसातच बोलवा, कोरड्या दिवशी रीडिंग छान येईल, तुम्ही बिल द्याल आणि तो जाईल.

लंडनी_मावळा:
बॉयलरचं कव्हर काढायची वेळ आली तर मात्र गॅस सेफ रजिस्टरवालाच, म्हणजे गॅसच्या कामाची अधिकृत नोंदणी असलेलाच हवा, बऱ्याच मॉडेलमध्ये पुढचं कव्हर हाच सील असतो. फ्लूच्या (धूर बाहेर नेणाऱ्या नळीच्या) जोडातून पावसाचं पाणी आत येत असेल तर ते पण तोच बघेल. भाड्याचं घर असेल तर लँडलॉर्डला लिहून कळवा, १९८५ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट कायद्याचं कलम ११, हीटिंग त्याच्या गळ्यात. आणि आरसीडी सारखा वर ढकलत बसू नका.

स्टॉकपोर्टकर:
घर आमचंच, सगळं आमच्याच गळ्यात. गुरुवारी येतोय इलेक्ट्रिशियन, पावसाची काळजी मँचेस्टरकडे करावी लागत नाही. तोवर सासूबाईंना ऑइल रेडिएटर दिलाय. बॉक्स खराब निघाला तर वायरलेस थर्मोस्टॅटच लावून टाकू का?

तारतंत्र:
लावा, फक्त त्याचा सिग्नल घेणारा रिसीव्हर त्या ओल्या भिंतीवर नको. फ्रॉस्ट स्टॅट काढायच्या आधी विचारा, बॉयलरला स्वतःचं फ्रॉस्ट प्रोटेक्शन बहुतेक असतं पण गॅरेजमधून जाणारे पाइप त्यात धरलेले नसतात. ठेवायचाच असेल तर आतल्या कोरड्या बाजूला आणि आयपी६५ च्या, म्हणजे धूळ-पाणी आत न जाणाऱ्या, बॉक्समध्ये, वायर खालून आत घ्यायला लावा.